श्री नसलेली पानं

देवासच्या माझ्या आत्यानं यंदा ठरवलं, की महालक्ष्म्या आता सुनेनं बसवायच्या. गुडघे ऐकत नाहीत, हे कारण. सून हिंदी शाळेत शिकलेली. मराठी बोलते, पण आत्याचं एकाला एक चिकटलेलं अक्षर तिला लागत नाही. म्हणून आत्यानं सगळा विधी मला फोनवर सांगायचा, मी धारला बसून तो वर्डमध्ये टाईप करायचा आणि छापून घ्यायचा, असं ठरलं. कागद पसंत पडला तरच देवीचे मुखवटे सुनेच्या हाती जाणार होते.

मला अशी कामं आवडतात. आवाहन, पूजन, विसर्जन असे भाग पाडले, मथळे ठळक केले. आमच्याकडे कुठल्याही कागदाच्या माथ्यावर श्री लागतो. तो हेडरमध्ये टाकला, म्हणजे प्रत्येक पानावर आपोआप येतो. फाईल पाठवली आणि यादीतून काम खोडलं.

संध्याकाळी आत्याचा फोन.

"कोण गेलं गं?"

कोणी नाही, मी म्हटलं.

"मग कागदावर श्री का नाही?"

आमच्या घरात फक्त मयताची बातमी कळवणारं पत्र श्रीशिवाय जातं. आत्यानं सुनेच्या लॅपटॉपवर पानन् पान पाहिलं होतं, एकावरही श्री नव्हता. असला कागद देवीपुढे यायचा नाही, यंदाही सगळं मीच करीन, एवढं बोलून तिनं फोन सुनेकडे दिला.

सून हळूच म्हणाली, "ताई, मम्मी स्टूल मागतायत. मुखवट्यांची पेटी माळ्यावर आहे."

मी तिला आधी स्टूल लपवायला सांगितलं. मग क्रमानं विचारत गेले. प्रिंट लेआउट चालू आहे का? आहे. दोन पानांच्या मध्ये रिकामी जागा दिसते, की नुसती रेघ? नुसती रेघ. तिथेच उलगडा झाला. दोन पानांच्या मधल्या जागेवर चुकून डबल क्लिक झालं, की वरचा-खालचा समास पडद्यावरून लपतो आणि त्याच्यासोबत हेडरही. फाईलला काही होत नाही, छापताना सगळं जागच्या जागी येतं. त्या रेघेवर पुन्हा डबल क्लिक कर, एवढाच उपाय, असं मी सांगितलं.

"पण मैंने तो ठीक कर दिया ना, ताई," सून म्हणाली. आत्या रागावल्यावर तिनं प्रत्येक पानावर स्वतः श्री टाईप केला होता आणि मजकूर खाली सरकला तिथे एंटर मारून मारून तो नव्या पानावर नेला होता. आता तिनं डबल क्लिक केलं. समास परत आला. मागून आत्याचा आवाज आला, "हा दुसरा श्री कुणाचा?"

एक काढून टाकते, मी म्हटलं.

"लिहिलेला श्री पुसायचा नसतो."

हेडरमधला आधी लिहिला होता, तेव्हा सुनेचा काढू, असं मी सुचवलं. आत्याला ते पटलं, म्हणजे पहिला पुसायचा नाही एवढंच पटलं. दुसऱ्यालाही तोच नियम होता.

सकाळच्या बसनं मी देवासला गेले. दोन्ही श्री राहू दिले. सुनेचे सगळे एंटर काढले, हव्या त्या जागी पेज ब्रेक दिले, आणि स्टेशन रोडच्या दुकानातून छापून आणलं. दुकानदारानं डबल छपा है क्या, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. ते समजावण्यात दुपार गेली असती.

आत्यानं चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. नैवेद्याचं पान दोनदा वाचलं. मग मला पेटी काढायला लावली, मुखवटे ओच्यात घेतले आणि सुनेला पदर पुढे करायला सांगितलं.

आवाहनाच्या दिवशी ती देवघरासमोर खुर्ची टाकून बसली. मी आता काही बोलणार नाही, म्हणाली. सुनेनं कागद उचलला.

"आधी उंबऱ्यापासून पावलं काढ," आत्या म्हणाली.

"मम्मी, कागदावर तेच लिहिलंय."

"मग वाच ना. मोठ्यानं."