विमानांना टाळं लागलं तेव्हा

हे मुंबईला एका विमान कंपनीत वैमानिक होते. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. त्या थंडीत कामाच्या तासांवरून कंपनीचं आणि वैमानिकांचं बिनसलं, आणि कंपनीने सरळ टाळं ठोकलं. पगार बंद. भाड्याच्या खोलीत एकमेकांची तोंडं बघत बसण्यापेक्षा आम्ही माझ्या माहेरी, संगमनेरला आलो.

सणवार नसताना जावई चार दिवसांहून जास्त राहिला की आळीच्या पोटात दुखतं. शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "का गं, काढलं का काय त्यांना कामावरून?" न्हाव्याच्या दुकानात ह्यांना ऐकावं लागलं, की कारखान्याच्या मॅनेजरला मिळत नाही एवढा पगार, आणि वर तक्रार! हे घरी येऊन हसत हसत सांगत होते, पण त्या दिवशी जेवले कमी.

वडील मात्र काही विचारत नसत. उभा जन्म त्यांनी एका व्यापाऱ्याचा ट्रक नाशिक-पुणे रस्त्यावर चालवला होता. गुडघे गेले म्हणून आता घरी होते.

एका दुपारी ह्यांचे एक सहकारी पुण्याहून आले. वयाने बरेच मोठे कॅप्टन. हे सुरुवातीला त्यांच्याच शेजारी बसून शिकलेले. पडवीत चहा झाल्यावर त्यांनी खिशातून छापील कागद काढला. नवे नियम मान्य आहेत असं लिहून देईल त्याला कंपनी परत घेणार होती.

"मी सही करतोय. तूही कर," ते म्हणाले.

"आणि तासांचं काय?"

"ते आत जाऊन भांडू."

"आणि ती म्हातारी विमानं? तुम्हीच म्हणायचात, आता यांना पेन्शन द्या म्हणून."

"विमान जुनं झालं म्हणून वाईट होत नाही. नीट राखलं तर उडतं."

"नीट राखलं तर ना!"

आवाज चढले. मी तिथेच तांदूळ निवडत होते. हे एकदम खाली बघून बोलायला लागले. "मागच्या पावसाळ्यात, सकाळपासूनचं पाचवं उतरणं होतं. एका इंजिनाचं तेल सारखं दगा देत होतं, दिवसभर जीव त्यातच. उतरताना माझा डोळा लागला. किती वेळ, देव जाणे. शेजारी बसलेल्या सहवैमानिक पोराने हाक मारली म्हणून उतरलो."

हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून रोज एका ताटात जेवत होतो आम्ही, आणि मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पडवीच्या कोपऱ्यात बसलेले वडील बोलले. "चंदनापुरीच्या घाटात माजाबी डोळा लागल्ता. ब्रेक ढिलं हुतं. मालकाला सांगितलं, तर म्हनला, येवढी खेप मार. मारली. किलीनर वरडला म्हून हाय आज. घरात कुनाला बोललो न्हाई." मग पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "पर साहेब, माज्या मागं कांदं हुतं. तुमच्या मागं मानसं असत्यात."

"खरंय तुमचं, बाबा," ते म्हणाले. "पण धाकटीच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. नोकरी असली तरच कंपनी खर्च उचलणार."

ह्यांनी आपलं पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पडवीतच सही केली. ह्यांनी नाही केली. वडील गुडघे धरत त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले.

दोन दिवस मी ह्यांच्याशी धड बोलले नाही. शेवटी विचारलंच, "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी जाऊ दिलं असतंस?"



काही आठवड्यांनी तडजोड झाली. तास थोडे कमी झाले, मागितले तेवढे नाहीत. बुडालेला पगार बुडालाच. तेलाचा त्रास देणारं ते विमानही पुढे उडतच राहिलं, फक्त इंजिन तेवढं बदललं. आधी सही केलेल्यांशी बाकीचे बोलेनासे झाले. कँटीनमध्ये त्या कॅप्टनच्या टेबलावर कुणी बसत नसे. हे पहिल्याच दिवशी चहा घेऊन तिथे जाऊन बसले. त्यामुळे पुढे कितीतरी महिने ह्यांच्याशीही निम्मे लोक बोलत नव्हते.

कॅप्टनच्या धाकटीचं ऑपरेशन नीट पार पडलं. उन्हाळ्यात ते तिला घेऊन आमच्या खोलीवर आले, तेव्हा ती दोन जिने स्वतःच्या पायांनी चढून आली होती.