वरणाचं पाणी

आमच्या कुत्रीच्या किडन्या गेल्यात, हे मंगरूळपीरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून सांगितलं. जाता जाता म्हणाले, "भाऊ, आता तिले हलकं खायला द्या." मी मान हलवली. हलकं म्हणजे काय, हे का कुणाला विचारायचं असतं? आमच्या घरी ताप येवो की पोट बिघडो, हलकं म्हणजे मुगाच्या वरणाचं पाणी, चवीपुरतं मीठ घालून. घरातली सगळी आजारी माणसं त्याच पाण्यावर उठून बसली आहेत.

आईने कुत्रीसाठी वेगळं पातेलं चढवलं. वांग्याच्या वावरात रानडुकराच्या अंगावर धावून जाणारी ही बया ताटलीपुढे शहाण्यासारखी बसायची आणि सगळं चाटूनपुसून घ्यायची. आम्ही खूश होतो. पंधरा दिवसांत तिच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा मीच आईला म्हणालो, "थोडं घट्ट कर वरण."

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "काय देऊन राह्यले तिले?"

"मुगाच्या वरणाचं पाणी."

"मीठ टाकून?"

"चवीपुरतं."

त्यांनी पेन खाली ठेवला. "डाळ अन् मीठ, हेच तर नाई पायजे तिले. कायले देल्लं?"

मला त्यांचाच राग आला. तेव्हाच फोड करून सांगायला काय झालं होतं? पण तो राग गेटापर्यंतसुद्धा टिकला नाही. विचारायच्या वेळी मी मूग गिळून बसलो होतो, आणि मग तेच मूग तिला रोज पाजले होते.

त्यानंतर मऊ भात, उकडलेला दुधी, अंड्यातला पांढरा भाग. मीठ नाही. तिने हुंगलं आणि तोंड फिरवलं. मी बांधावर मांडी घालून बसायचो, लहान लहान घास करायचो, एकेक तिच्या दाढेत सारायचो. ती गुमान घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने पाडायची. "खाय ना वं माय," मी म्हणायचो. एकदा ताटली भिरकावून दिली, मग तीच विसळून आणून परत तिच्यापुढे ठेवली. भातावर तूप घातलं, तर तिने माझ्या बोटाचं तूप तेवढं चाटलं. तेही माझं मन राखायला, असं मला वाटलं.

तिसऱ्या खेपेला आईही सोबत आली. डॉक्टरांनी कुत्रीच्या हिरड्या पाहिल्या आणि हळूच म्हणाले, "आता काई पथ्य नाई. जे खाईन ते द्या."

मला कळलं. आईला कळलं नाही. आमच्याकडे पथ्य सुटतं ते माणूस बरं झाल्यावर. ऑटोत कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन ती सांगत होती, "सुटलं वं तुयं पथ्य."

घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी तिने मूग शिजत टाकले. मीठ या वेळी जरा जास्तच घातलं. कुत्री लटपटत उठली आणि किती दिवसांनी ताटली रिकामी केली.

"पाह्य, कशी खाऊन राह्यली," आई म्हणाली. "उद्या भाकर कुस्करून देऊ."

"देऊ," एवढंच म्हणालो आणि पुन्हा मूग गिळून बसलो.