परबांच्या कुळथाला आलेल्या देवी

"माझ्या कुळथाक देवी आणलंस रे, शेतकीवाल्या!"

भाऊ परब ओरडले, तेव्हा कसालच्या नाक्यावर धावत्या एसटीने ब्रेक मारला. हे मी आजही शपथेवर सांगतो. त्यांच्या हातात उपटलेलं रोप, मुळांना गाठीच गाठी.

साठ सालानंतरची गोष्ट. मी शेतकी खात्यात असिस्टंट. भात कापल्यावर भाऊंनी मळ्यात कुळीथ पेरला होता. माझ्या सांगण्यावरून अर्धं बियाणं कल्चर लावून, अर्धं तसंच. कल्चर म्हणजे बाटलीतले जिवंत जिवाणू. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचे, सावलीत सुकवायचे. मग ते मुळांत गाठी करून राहतात आणि हवेतला नायट्रोजन पकडून पिकाला भरवतात. दोन्ही अर्ध्यांतला फरक बघायला उद्या रत्नागिरीहून मोठे साहेब यायचे होते. आणि भाऊ ओळीच्या ओळी उपटत सुटलेले!

"भाऊ, थांबा! ह्या गाठी चांगल्या!"

"चांगल्यो? तुझ्या मानेर गाठ इली तर नाचशीत?"

मी हसलो, पण रोप त्यांच्या हातातून घेतलं. सूत्रकृमी नावाची कीडही मुळांवर गाठी आणते. ती असली तर मळा गेला, माझी नोकरीही. गाठ बोटाने लोटली. चटकन सुटली. कीड असती तर मूळच सुजलं असतं. नखाने फोडली. आत गुलाबी! जिवाणू कामावर हजर.

भाऊंचा हात थांबला, तोंड नाही. "मगे त्या बाजूक काय आसा?"

"तिकडे कल्चर नाही, शोधून चार गाठी मिळायच्या नाहीत," मी छाती फुगवली. मातीत आधीचेच थोडे जिवाणू असतात, तेवढेच.

तिकडचं रोप उपटलं. गाठींचे घोस! दुसरं, तिसरं, तेच. छाती जागीच बसली.

बांधावर भाऊंच्या पत्नी, माई, पेज घेऊन आलेल्या.

"माई, ह्या बियाण्याला काय लावलंत?"

"तुमचा गुळाचा पाणी उरलेला, ताच चोळलंय. अर्ध्याक गूळ नि अर्ध्याक कायच नाय? बरा दिसता काय ता?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मळा असा हिरवा, की त्यांची हिरवी जीप विटकी वाटली. साहेब खूश. वही उघडली.

"आता कल्चर न लावलेला तुकडा दाखवा. तुलना कशाशी करू?"

मी बुटाने ढेकूळ फोडत राहिलो. तेव्हापासून उरलेलं गूळपाणी मी स्वतः ओतून टाकतो.

माईंनी बांधापलीकडे हात केला. "शेजाऱ्याचो आसा ना. पिवळो."