हळदीचा डाग नसलेलं ठिगळ

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी नातीने नवी गोधडी जमिनीवर टाकली आणि तिच्यातल्या हिरव्या ठिगळावर बोट ठेवून म्हणाली, "आजी, ह्यां आईचां न्हय. मी हॉस्पिटलात येवचंय नाय."

तिच्या हृदयाला भोक होतं. चार पावलं चालली की ओठ निळे पडत. तारीख दोनदा पुढे गेली होती. आता चुकली तर पुढे काय, ते डॉक्टर सांगत नव्हता. आणि ही सात वर्षांची बया जनेलाच्या गजांना टेकून, हाताची घडी घालून बसलेली.

गोधडीची कापडं तिनेच निवडली होती. माझं जुनं लुगडं, बापाचा कारखान्यातला शर्ट, स्वतःचा शाळेचा फ्रॉक आणि आईचा हिरवा गाऊन, खिशाजवळ हळदीचा डाग पडलेला. सून वर्षापूर्वी काविळीने गेली. बाराव्याला तिचे कपडे आम्ही देऊन टाकले, पण हा गाऊन पोरीने उशीच्या खोळीत लपवला होता.

शेजारीण म्हणाली, "वयनी, गेलेल्या माणसाचां कापड चेडवाच्या आंगार घालतंस? ओढून न्हेता ता."

मी तिला हसले. मग घाबरले. डिचोलीच्या बाजारातून तसल्याच ठिपक्यांचं हिरवं कापड आणून लावलं आणि गाऊन माळ्यावर टाकला. आमच्या इब्रामपूरहून तो नदीत सोडायला फार लांब जावं लागणार नव्हतं, फक्त पाय निघाला नाही.

"हळदीचो डाग खंय गेलो?" नातीने विचारलं.

"धुतल्यार गेलो."

"हळद धुतल्यार जाता? तूच सांगतंस, जायना म्हणून."

साठ वर्षं कपडे धुतलेली बाई मी, खाली वाकून गोधडीची घडी घालू लागले. मुलगा म्हणाला, "आये, उचलून न्हेऊया तिका." पण रडली की तिचा श्वास अडकायचा. शिडी लावायला सांगितली. गाऊन उतरवला. तिच्यासमोर बसून हिरवं ठिगळ उसवलं आणि खिशाजवळचा डाग वर येईल असा गाऊनचा तुकडा लावला. टाके लांब पडले. शेजारीण दारातून बघून गेली.

नातीने डागावर बोट फिरवलं. "आता खरां," म्हणाली आणि जेवायला मागितलं.

हॉस्पिटलात नर्सने गोधडी आतल्या दारापर्यंत नेऊ दिली, मग माझ्या हातात दिली. पाच तास ती मांडीवर घेऊन बसले. पोर गेली असती तर वाडीने मलाच दोष दिला असता. मीही दिला असता. देवाला काही बोलले नाही. सुनेला मात्र बोलले. तुझी आहे, पण न्हेऊ नको, एवढंच.

नात वाचली. आता सातवीत आहे, पायऱ्या धावत चढते. गोधडी पायांना पुरत नाही.