पन्नासाला एक

मापकाकूंसमोर ‘अंदाजे’ म्हणायची सोय नव्हती. नवरा ‘अंदाजे पाच मिनिटांत आलो’ म्हणाला तरी त्या घड्याळाकडे बघत दारात उभ्या राहायच्या. नवरा शिंपी, म्हणजे तोही मापातलाच माणूस. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझं चुकलं तर शिवण उसवता येते. हिचं चुकलं तर काहीच उसवता येत नाही, म्हणून हिचा आवाज मोठा." आवाज मोठा होता हे खरंच.

शहरातली झाडं छाटणाऱ्या खात्याच्या डेपोत, मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती. तिथं काकू बावीस वर्षं चेनसॉसाठी तेल मिसळत होत्या. हे मशीन नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. पेट्रोलमध्येच तेल घालावं लागतं, कारण आत वरखाली धावणाऱ्या पिस्टनला तेवढंच काय ते वंगण. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे पाच लिटरच्या कॅनला शंभर मिली. ऐकायला सोपं, आणि सोप्या कामाचीच लोक जास्त वाट लावतात. काकूंच्या आधीचा माणूस बाटलीच्या झाकणानं तेल मोजायचा. त्यानं जाळलेल्या मशिनांचा ढीग काकूंनी रुजू झाल्या दिवशी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी घरून रेघांचं काचेचं माप आणलं. आधी अर्धं पेट्रोल, मग तेल, कॅन हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचा. तोवर कॅनचं झाकण काकूंच्या खिशात. झाकण लागलं म्हणजे तेल पडलं, हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं. झाकण लावलेला कॅन कोणीही न विचारता उचलून न्यायचा.

मग नवे साहेब आले. उंटावरचा शहाणा म्हणतात तो कसा दिसतो, हे तेव्हा डेपोला कळलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तलावाच्या खात्यात शिल्लक पडलेलं तेलाचं पिंप उचलून आणलं आणि काकूंच्या खोलीत उभं केलं.

"यापुढं हेच वापरायचं," साहेब म्हणाले.

"हे होडीच्या इंजिनाचं आहे."

"बाई, यावर टू-स्ट्रोक लिहिलंय. तुमच्या डब्यावरही टू-स्ट्रोक लिहिलंय. वाचता येतं ना?"

"येतं. म्हणून तर मी त्याखालची ओळही वाचली." काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "होडीचं इंजिन पाणी ओढून गार राहतं. आपल्या मशिनाला नुसता वारा. ते फार तापतं साहेब. त्यात हे तेल जळून चिकटा होईल, पिस्टनच्या रिंगा धरतील."

"ओता म्हटलं ना!"

"मी नाही ओतणार. तुमच्या हातानं ओता."

साहेबांनी खरंच बाह्या सरसावल्या आणि तीन कॅन स्वतः भरले. चौथा कॅन खारूचा होता. खारू म्हणजे डेपोतला सगळ्यात उंच चढणारा गडी. नव्वद किलोचा देह, पण झाडावर असा सरसर जायचा की हे नाव त्याला कायमचं चिकटलं. तो कॅन काकूंनी पोटाशी धरला. त्यात अर्धं पेट्रोल आधीच घातलेलं होतं आणि जुन्या, चांगल्या तेलाचा शेवटचा डबा हातात होता. "हा वर चढतो. याला मी माझंच तेल घालणार," त्या म्हणाल्या. साहेबांनी डबा ओढला. काकूंनी परत ओढला. पुढची दहा मिनिटं जे भांडण झालं ते ऐकायला फाटकावरचा पहारेकरीसुद्धा आत आला. शेवटी साहेब डबा काखोटीला मारून पाय आपटत निघून गेले. जाऊ दे, आपलं शंभर मिली आधीच पडलंय, या तोऱ्यात काकूंनी उरलेलं पेट्रोल भरलं, झाकण लावलं आणि कॅन खारूच्या हातात दिला.

त्याच दिवशी दुपारी खारूचं मशीन झाडावर असताना बंद पडलं. अर्धी कापलेली फांदी फिरून त्याच्या उजव्या खांद्यावर आली. दोरानं बांधलेला होता म्हणून जिवानिशी वाचला. पुढच्या दहा दिवसांत बाकीची तीनही मशीन आतून धरून एकेक करून बंद पडली.

साहेबांनी एक कागद टाईप करून आणला. ‘मिश्रणातील माझ्या निष्काळजीपणामुळे चार मशीन निकामी झाली व एक कर्मचारी जखमी झाला.’ सही केली तर काकूंची बदली पाला गोळा करणाऱ्या गाडीवर. नाही केली तर कायमचं घरी.

"खारूच्या मशिनात तुम्हीच मागाहून ते पिंपातलं घातलंत," काकू सगळ्यांदेखत ओरडल्या. "चोराच्या उलट्या बोंबा!"

घरी नवऱ्यानं कापडावरचा खडू न उचलता विचारलं, "पाला गोळा करणं इतकं वाईट आहे का?"

"पाल्याचं काही नाही हो. मी केलं नाही ते केलं म्हणून लिहून देऊ? त्या पोराचा खांदा माझ्या नावावर घेऊ?"

"मग नको देऊ. पण उद्या बोलताना माप ठेव."

"ते जमलं असतं तर तुमच्याशी लग्न केलं असतं का?" असं म्हणून काकू आत गेल्या. पण त्यांना झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चारही मशीन डेपोच्या अंगणात मांडली आणि पाना घेतला. सायलेन्सरचे दोन स्क्रू काढले की आतला पिस्टन दिसतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला, सगळ्यांनी बघा, असं त्यांनी बजावलं. साहेब हाताची घडी घालून उभे. खारूही आला होता, गळ्यात हात बांधून.

पहिल्या मशिनात काळपट तपकिरी चिकटा आणि जागीच धरलेल्या रिंगा. दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही तेच. काकू प्रत्येक वेळी साहेबांकडं असं बघत होत्या की साहेबांनी दोनदा चष्मा पुसला.

चौथं खारूचं. काकूंनी स्क्रू काढले, आत डोकावलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पिस्टन लखलखीत कोरडा होता. ना काजळी, ना चिकटा; चहूबाजूंनी नुसते ओरखडे. या मशिनाला तेलाचा थेंबही मिळाला नव्हता. होडीचा नाही आणि त्यांचाही नाही.

साहेब वाकून म्हणाले, "हं, हेही तसंच. जळायचं ते जळलंय."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. पिस्टन वाचता येत होता तो एकट्या काकूंना. दोन स्क्रू परत बसवले असते तर चारही मशीन साहेबांच्या माथी गेली असती आणि त्यांना घाबरवून तो कागदही फाडून घेता आला असता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं आयुष्यभर लोकांना ऐकवणाऱ्या काकू क्षणभर पाना हातात धरून बसल्या. मग त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हे तसं नाही."

त्यांनी वर्तमानपत्र उन्हात पसरलं आणि चारही टाक्यांतला एकेक थेंब त्यावर टाकला. पेट्रोल उडून गेलं. तीन ठिकाणी तेलकट डाग राहिले. चौथ्या ठिकाणी कागद कोराच होता.

"यात तेलच नाही. भांडायच्या नादात माझ्याकडून ते पडलंच नाही आणि मी झाकण लावून दिलं. साहेबांनी मागाहून काही घातलेलं नाही. ते मी खोटं बोलले."

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे कबूल?"

"एक कबूल. चार नाही." काकूंनी साहेबांचा टाईप केलेला कागद मांडीवर घेतला. ‘चार’वर काट मारून वर ‘एक’ लिहिलं. जखमी कर्मचाऱ्याची ओळ होती तशीच ठेवली आणि सही ठोकली. मग खाली आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘बाकी तीन मशीन होडीचं तेल घातल्यामुळे गेली. मी नको सांगत असताना ते साहेबांनी स्वतःच्या हातानं ओतलं.’ कागद त्यांनी साहेबांपुढं धरला. "आता इथं तुम्ही."

"मी? माणूस तुमच्यामुळं जायबंदी झालाय, आणि वर तोंड करून मलाच—"

"हो, वर तोंड करूनच. खाली घालायचं ते त्याच्यापुढं घालीन. तुमच्यापुढं नाही."

साहेब जायला वळले. खारू वाटेत उभा होता. तो बाजूला झाला नाही.

"काकूंचं आणि माझं काय ते मी बघतो," तो म्हणाला. "ती तीन मशीनही वरच चालली होती साहेब. आमच्यापैकीच कुणाच्या तरी हातात. सही करा."

त्याच्यामागं बाकीचे गडीही येऊन उभे राहिले. साहेबांनी इतकी बारीक सही केली की मुंगी चालून गेल्यासारखी दिसत होती. तरी सही ती सही. मग ते ऑफिसात गेले आणि दार लावून घेतलं.

गडी पांगले. खारू मात्र गेला नाही, आणि हसलाही नाही. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बोल," त्या म्हणाल्या.

"तीन महिने हात वर जाणार नाही म्हणतात. नंतरही झाडावर चढता येईल की नाही, सांगत नाहीत." त्याचा आवाज चढला. "धाकटी लेक उचलून घे म्हणते. मी काय सांगू तिला? डोळे मिटून तुमचा कॅन उचलायचो काकू. दुसऱ्या कुणाचा असता तर हलवून, वास घेऊन बघितला असता!"

तो बराच वेळ बोलत राहिला. काकू मान खाली घालून ऐकत होत्या, आणि एका शब्दानंही आड आल्या नाहीत.