बंबावरचं झाकण

ती घटना आठवली की आजही माझं कानशील ठणकू लागतं. हे वाक्य अलंकारिक नाही, हे पुढे कळेलच.

त्या वेळी मी धरणगावला फौजदार होतो. थंडीचे दिवस. त्या सकाळी सौभाग्यवती देवपूजेत होत्या, म्हणून मीच मर्दुमकी दाखवून आंघोळीचा बंब पेटवला. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या खच्चून भरल्या, फुंकर मारमारून जाळ केला, आणि पाणी भरायचं विसरलो. बुडाचा सांधा जोडणारा डाख वितळला, ठिबकला, आणि सासऱ्यांनी दिलेला तांब्याचा बंब एका अंगाला कलला. सौभाग्यवती बाहेर आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. ती मौनाची शिक्षा घेऊन, बिनआंघोळीचा, मी चौकीत जाऊन बसलो. त्या दिवशी कुणाला तरी आत टाकायला हात शिवशिवत होते, हे लपवून काय उपयोग?

आणि नेमकी तेव्हाच खबर आली. खबर आणणारा गल्लीतला शिंपी. दारातूनच म्हणाला, "साहेब, लवकर चला. अमक्यांच्या धाकट्या सुनेला मोठीनं विष घातलं. काढ्यातून. धोतऱ्याचं बी."

"तू पाहिलंस?"

"बठ्ठी गल्ली म्हणते, साहेब. सगळीच."

घर खातंपितं, कापूस पिकवणारं. धाकटी सून बाळंत होऊन जेमतेम दहावं उलटलेलं. मोठीला मूलबाळ नाही. गल्लीला एवढा पुरावा पुरे होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. सकाळी मोठीनंच जावेला न्हाऊ घातलं होतं, मोठीनंच काढा पाजला होता. न्हाऊन तिथेच बाजेवर निजवलेली धाकटी पुन्हा उठलीच नाही. श्वास चालू, पण हाक मारली तर ओ नाही. तिला दवाखान्यात हलवलं. बाळ तेवढं सासूच्या मांडीवर होतं, सुखरूप.

काढ्याचं भांडं पंचांसमक्ष सीलबंद केलं. ते मुंबईला तपासणीला जाणार आणि उत्तर कधी येणार ते देव जाणे. दवाखान्याचे डॉक्टर गोंधळलेले. "धोतरा असता तर बडबड केली असती, बुबुळं मोठी झाली असती. तसं काही नाही. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली तर आली."

नाही आली तर तीनशे दोन कलम. मोठी सून फासाच्या वाटेला.

चौकीत सासूला शेजारी बसवून मी मोठीची जबानी घेतली. पंचविशीची बाई. पदराचं टोक पिळत बसलेली. रडत नव्हती, आणि त्याचाच मला राग आला. दोषी माणूस रडत नाही असा तेव्हा माझा सिद्धांत होता. पूर्वी मी दोषी माणूसच जास्त रडतो असं म्हणायचो. सिद्धांत सोयीप्रमाणे बदलत असे.

"काढ्यात काय टाकलं?"

"सुंठ, ओवा, गूळ. बठ्ठं घरनंच शे, साहेब."

"आणखी काय?"

"आखो काहीच नही. तिले वारा नको लागाले म्हनीसन दार लायं मी. झरोकामां गोधडी कोंबी."

"मी दाराचं विचारत नाही! काढ्याचं विचारतोय."

"मन्हं बी डोकं दुखे, साहेब. सकाळपासून."

"दुखणारच," मी म्हणालो, आणि हवालदाराकडे बघून मिशीत हसलो. हवालदार हसला नाही. तो माझ्यापेक्षा म्हातारा होता.

इतक्यात बाहेर गलका झाला. धाकटीचा बाप गावाहून आला होता, चार भाऊबंद आणि काठ्या घेऊन. सगळे त्याला आबा म्हणत. उंच, वाळका, डोळे लाल. "साहेब, त्या वांझोटीला बाहेर काढा. आमचं आम्ही पाहून घेतो."

"आबा, काठी खाली ठेवा. कायदा आहे."

"मन्ही पोर मरी गयी तर तुमना कायदा तिले उठाडी का?"

मी चौकीत येरझाऱ्या घालू लागलो. दवाखान्यात शिपाई पाठवला, तो परत आला, "तशीच आहे." पुन्हा पाठवला. "तशीच." बाहेर काठ्या वाढत चाललेल्या. आत ती बाई पदर पिळतेय. काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मी अक्कल लढवली: सकाळी तिनं जे जे केलं ते ते जागेवर करून दाखवावं. विष मिसळायची संधी कुठे होती ते माझ्या तीक्ष्ण नजरेला दिसेल.

चौकीच्या मागच्या दारानं सासूसुनेला आणि पंचांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. न्हाणीची खोली लहान, मागच्या बाजूला. बंब एरवी अंगणातच असायचा, कारण पऱ्हाटीचा धूर डोळ्यांत जातो. पण बाळंतिणीला अंगण कसं चालेल? म्हणून बंब आत आणलेला, आणि धूर नको म्हणून पऱ्हाटीऐवजी लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा घातलेला. बिनधुराचा, स्वच्छ. मला ते कौतुकास्पद वाटलं.

आता बाळंतिणीच्या जागी कोण? हवालदार म्हणाला, "माझ्या वजनानं बाज मोडेल." पंच म्हणाले, "आम्ही पंच." उरलो मी. टोपी काढली आणि बाजेवर आडवा झालो.

"साहेब, डोकं इकडे करा. भिंतीकडे," मोठी सून हळूच म्हणाली. सवयीनं तिनं माझ्या अंगावर वाकळही टाकली. दारात सासू हसू दाबत होती.

तिनं निखारे भरले, बंब तापवला, पाणी उपसून पुन्हा भरलं, काढा उकळून माझ्या उशाशी ठेवला. पुढे लेकराच्या अंघोळीसाठी पाणी गरम राहावं म्हणून बंबाच्या मधल्या, निखाऱ्यांच्या नळकांड्यावर वरून झाकण ठेवलं. झरोक्यात गोधडी. बाहेर जाऊन दार ओढलं, फटीला पोतं लावलं. खाली निखारे, वर झाकण, आत मी.

मी पडल्या पडल्या तर्क लढवत होतो. ऊब छान होती. कानशील ठणकायला लागलं. वाटलं, बिनआंघोळीचं पित्त. मग वाटलं, जरा डोळा लागला तर काय बिघडलं? मग कुठेतरी मनात आलं, तीही अशीच निजली असेल. उठायला गेलो तर गुडघे माझे नव्हते. ओरडलो, पण ते ओरडणं घशाबाहेर पडलंच नाही.

बाहेरचं मला नंतर हवालदारानं सांगितलं. पंच पानसुपारी खात होते. मोठी सून दाराशी कान देऊन उभी होती. तिनं दोनदा हाक मारली. "साहेब ओ देत नहीत," म्हणाली. हवालदार म्हणाला, "विचार करत असतील." "नही भाऊ. ती बी अशीच गप पडनी व्हती," असं म्हणत तिनंच पोतं लाथेनं उडवलं, दार ढकललं आणि माझा हात धरून मला फरफटत अंगणात आणलं.

अंगणात मी सर्व पंचांसमक्ष भडाभडा ओकलो. पंचनाम्यात तसं नमूद आहे. आणि हेही नमूद आहे, की उशाशी ठेवलेल्या काढ्याला माझं तोंडही लागलं नव्हतं.

डॉक्टर धावत आले. खोलीत डोकावले, झाकण पाहिलं, गोधडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "कोळशाची वाफ! झाकणानं निखारे कोंदले, गोधडीनं खोली कोंदली, आणि ही विषारी वाफ आतच साचली. धूर दिसत नाही म्हणून कुणाला कळत नाही." दवाखान्यात जाऊन त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर धाकटीच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तिच्या माणसांनी त्या तिथेही घट्ट लावून घेतल्या होत्या.

दिवे लागायच्या सुमाराला तिनं डोळे उघडले. बाप काठी धरून उशाशी उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. म्हणाली, "अक्का कठे शे? मन्ह्या लेकराले न्हाऊ घातं का तिनी?"

आबांनी काठी भिंतीला टेकवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, बोलावा तिले." मोठी आली तेव्हा धाकटीसाठी आणलेल्या दुधाचा पेला आबांच्याच हातात होता. त्यांनी तो मोठीच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला सरकले.

मी नोकरीत पुढे पुष्कळ तपास केले. पण जबानी घेताना एक सवय मला त्या दिवसापासून लागली. माणूस विचारलेलं सोडून भलतंच सांगू लागला की मी लेखणी थांबवतो आणि ते भलतंच आधी ऐकतो. त्या बाईनं दार, गोधडी आणि डोकेदुखी, सगळा गुन्हा पहिल्या दमातच उलगडून दिला होता. मी तिला गप्प करत होतो. कारण मी विष शोधत होतो आणि तिनं तर जावेला जिवापाड जपलं होतं. जपता जपताच धाकटी मरायला टेकली, ही शक्यता कुठल्याच कलमात बसत नव्हती.

त्या रात्री ठणकतं डोकं धरून घरी गेलो आणि सगळी हकिगत साग्रसंगीत सांगितली. वर हुकूमही सोडले: यापुढे या घरात कोळसा आत पेटणार नाही, खिडकी उघडी राहील, आणि उद्या तांबटाकडून बंब आला की मी स्वतः अंगणात पेटवून त्याची रीत दाखवीन.

सौभाग्यवतींनी सकाळपासूनचं मौन तेव्हा सोडलं. कपाळावर सुंठेचा लेप लावता लावता म्हणाल्या, "पेटवा हो. फक्त ती मोठी सून शेजारी उभी असेल तेव्हाच पेटवा."