विहीणबाईंना दाखवलेलं सोलापूर

आमच्या लेकीचं लग्न इटलीतल्या एका लहान गावात, तिथल्या नगरपालिकेच्या कचेरीत झालं. आम्ही दोघांनी ते सोलापुरात दिवाणावर बसून फोनवर पाहिलं. ती कापडाच्या डिझाइनचं शिकायला गेली होती आणि तिथल्याच मुलाशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता, आमची तक्रार काही नव्हती. पण तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माझ्याकडे त्याच्या आईशी बोलायला एक शब्द नव्हता.

पुढच्या जानेवारीत विहीणबाई सोलापूरला आल्या. लेक-जावयाला सुट्टी मिळाली नाही, तरी त्या एकट्या आल्या. साठी उलटलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे काढलेली बाई. ह्यांनी मुंबईला जाऊन त्यांना आणलं. येण्याआधी लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "आई, त्यांना हॉटेल नकोय. तुम्ही राहता तसं राहायचंय त्यांना, आठ दिवस."

ते बोलणं मी रीतीचं धरलं. आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं. संडास मागच्या अंगणात आणि भारतीय पद्धतीचा. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, म्हणून पिंप आणि कळश्या दारापासून मांडलेल्या. शेजारी यंत्रमाग, त्याची खटखट दिवसभर. ह्या घरात परदेशातली विहीण कुठं निजवायची? मी चांगलं हॉटेल बघितलं आणि आठ दिवसांसाठी गाडी ठरवली.

मग मी त्यांना सोलापूर दाखवायला लागले. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचं तळं, अक्कलकोट, नळदुर्ग. रोज सकाळी नऊला गाडी हॉटेलखाली, संध्याकाळी सातला परत हॉटेलवर. त्या सगळीकडे यायच्या, हसायच्या, मी सांगेन तिथं उभ्या राहून फोटो काढून घ्यायच्या. संध्याकाळी गाडीतून उतरताना मात्र फोनवर काहीतरी बोलून तो माझ्यासमोर धरायच्या. फोन मराठीत सांगायचा, "आता तुमच्या घरी?" मी हात हलवून म्हणायचे, उद्या, उद्या.

विजापूरला निघालो त्या दिवशी त्यांनी भाजी मंडईपाशी गाडी थांबवायला लावली. वळसंगहून येणारी एक बाई तिथं पोतं अंथरून हरभऱ्याचे डहाळे विकायला बसते, मी नेहमी तिच्याकडून घेते. विहीणबाई सरळ तिच्या शेजारी पोत्यावर बसल्या. तिनं डहाळा हातात दिला, घाटे कसे सोलायचे ते दाखवलं, आणि दोघी सोलून खायला लागल्या. एकीचं दुसरीला काही कळत नव्हतं, तरी बोलणं चाललं होतं. मी घड्याळ बघत होते. उन्हं चढायच्या आत विजापूर गाठायचं होतं. मी दोनदा हाका मारल्यावर ती वळसंगची बाई मला म्हणाली, "बसू द्या की बाई. कुटं पळून जातंय व्हय तुमचं विजापूर?"

मी त्यांना उठवलं. गोल घुमटाखाली त्या पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि बाहेर पायरीवर येऊन बसल्या.

घरी मी त्यांना एकदाच आणलं, सातव्या दिवशी जेवायला. जावेकडून काचेचा डिनर सेट आणला, पनीरची भाजी आणि नान बाहेरून मागवले. पाण्याच्या पिंपांवर चादरी टाकल्या. जेवताना शेजारणीच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. त्यांनी मान वळवून खुणेनं विचारलं, हे काय चाललंय? मी उठून खिडकी लावून घेतली.

निघताना त्यांनी मला मिठी मारली. मला ती जरा सैल वाटली. दमल्या असतील, असं मी ह्यांना म्हणाले.

दीड वर्षानं लेकीनं मला तिकडं बोलावलं. तिचं घर अगदी लहान, म्हणून मी विहीणबाईंकडे उतरले. पहिल्याच दिवशी त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी कांदे चिरायला दिले. तिसऱ्या दिवशी कापडी पिशवी देऊन कोपऱ्यावर पाव आणायला एकटीला पाठवलं. लेक कावरीबावरी झाली. म्हणाली, त्या काम सांगतात म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मनाला कसलं लावून घेते? पाववाल्यानं चौथ्या दिवशी मला बघताच पाव बाहेर काढून ठेवला, तेव्हा मी वाटभर हसत घरी आले. दुपारी आम्ही दोघी मिळून खिडकीबाहेरच्या दोरीवर कपडे वाळत घालायचो. संध्याकाळी चौकातल्या बाकावर त्यांच्या चार मैत्रिणी जमायच्या, त्यांच्यात माझी जागा ठरून गेली होती. कुणी जागा दाखवावी लागत नव्हती. त्या गावात बघण्यासारखं एक जुनं चर्च होतं म्हणे. मी ते आतून पाहिलंच नाही आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

एके दिवशी तिघी मिळून शेंगा सोलत होतो. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी लेकीला म्हटलं, त्यांना सांग, सोलापूरला मी त्यांना असं राहू दिलं नाही, चुकलं माझं. लेकीनं सांगितलं. विहीणबाईंचे हात थांबले. त्या बराच वेळ बोलल्या, लेक नुसती ऐकत राहिली. मी म्हटलं, अगं सांग की.

"त्या म्हणतायत, त्यांना वाटलं होतं तुला हे लग्नच पसंत नाही," लेक म्हणाली. "म्हणून तू त्यांना घराबाहेर ठेवलंस. इथं येऊन त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही, पण विमानात रडल्या होत्या."

मला घराची लाज वाटत होती, त्यांची नव्हे. एवढं एक वाक्य मी लेकीकडून तीन-चारदा सांगवलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, थंडीत येते, घरीच उतरेन.

परत आल्या आल्या मी कामाला लागले. पुढच्या खोलीला लागून लहानशी मोरी होती, तिथं गवंडी लावून कमोड बसवून घेतला. खोलीला रंग दिला, पलंग आणला. ह्यांनी विचारलं, आधीच हे का सुचलं नाही?

दिवाळीच्या आधी लेकीचा फोन आला. विहीणबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणंही. आता त्या खुर्चीतच असतात. विमानाचा प्रवास डॉक्टरांनी कायमचा बंद केला आहे. लेक रविवारी त्यांच्यासमोर फोन धरते. मी शिकलेले चार इटालियन शब्द बोलते. त्या बघतात. एखाद्या वेळी डावा हात थोडा उचलतात, तो मला बघून उचलला की सहज, ते लेकीलाही सांगता येत नाही.

त्या खोलीत आता दुपारी हे झोपतात.